आधी आपल्याच संगणकावर

संकेतस्थळ बनवायला शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण सुरुवात एकाच गोष्टीने करतो. नोटपॅडसारख्या साध्या संपादकात चार ओळी लिहितो, फाइलला ‘इंडेक्स.एचटीएमएल’ असं नाव देतो, तिच्यावर दोनदा क्लिक करतो आणि ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडतं. त्याचा आनंद खरा असतो आणि तो व्हायलाच हवा. पण एवढ्याने वेबशी ओळख झाली असं म्हणता येत नाही. ब्राउझरने डिस्कवरची एक फाइल उघडून दाखवली, एखादा फोटो दाखवावा तशी. पत्त्याच्या पट्टीत नीट पाहिलं तर सुरुवातीला ‘एचटीटीपी’ नसतं, ‘फाइल’ असतं. इथे कुणी काही मागितलेलं नाही आणि कुणी काही दिलेलं नाही. वेबचा सगळा डोलारा मात्र मागण्या-देण्यावर उभा आहे: ब्राउझर मागतो, सर्व्हर देतो. हा फरक शिकणाऱ्याच्या लवकर ध्यानात आला नाही तर पुढे कित्येक महिने तो चाचपडत राहतो. तो ध्यानात आणून देण्याचा सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे आपल्याच संगणकावर एक सर्व्हर चालू करणं. या सगळ्या मांडामांडीला ‘लोकल डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट’ असं भारदस्त नाव आहे. शिकवणी वर्गांत आणि व्हिडिओंत ती ‘आधी एवढं इन्स्टॉल करून घ्या’ म्हणून पाच मिनिटांत उरकली जाते. माझ्या मते अभ्यासातला पहिला आणि सर्वांत मोलाचा धडा तोच आहे आणि तो उरकून टाकल्यामुळेच पुढचं बरंचसं शिक्षण कच्चं राहतं.

सर्व्हर म्हटलं की वातानुकूलित खोलीतली लुकलुकणारी कपाटं डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात सर्व्हर हा एक प्रोग्रॅम असतो. मागणी येईपर्यंत थांबायचं आणि आली की उत्तर द्यायचं, एवढंच त्याचं काम. तो कोणत्या यंत्रावर चालतो हा नंतरचा प्रश्न. याचा पुरावा वेबच्या जन्मातच आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९० च्या अखेरीला ती चालवून दाखवली, तेव्हा जगातला पहिला वेब सर्व्हर आणि पहिला ब्राउझर दोन्ही त्यांच्या एकाच नेक्स्ट संगणकावर चालत होते. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका, अशी लाल शाईतली चिठ्ठी त्या संगणकावर डकवलेली होती. त्या पहिल्या ब्राउझरमध्ये पानं वाचता येत तशी लिहिताही येत. लिहिणारा, देणारा आणि वाचणारा असे तिघेही एकाच यंत्रात होते. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्रज्ञान कुणालाही विनामूल्य वापरण्यासाठी खुलं केलं. आज घरच्या संगणकावर सर्व्हर चालवायला कुणाची परवानगी लागत नाही आणि पैसाही लागत नाही, त्याचं मूळ त्या निर्णयात आहे.

आपल्या संगणकावर चालणाऱ्या सर्व्हरला हाक मारायची तर पत्ता लागतो. तो पत्ता म्हणजे ‘लोकलहोस्ट’, आणि आकड्यांत १२७.०.०.१. हा पत्ता जगातल्या प्रत्येक संगणकावर सारखाच असतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ ‘मी स्वतः’ असा होतो. या पत्त्यावर पाठवलेली मागणी वायफायपर्यंतही पोहोचत नाही. संगणकाच्या आतल्या आत वळून परत येते. म्हणून इंटरनेट बंद असलं तरी हे सगळं चालतं. इंटरनेटची रचना करणाऱ्यांनी या एका कामासाठी १२७ ने सुरू होणारे सगळेच पत्ते, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक, राखून ठेवले. पत्त्याला जोडून येतो तो पोर्ट. एकाच संगणकावर अनेक सर्व्हर चालू शकतात, तेव्हा मागणी नेमकी कुणासाठी आहे हे ठरवायला ६५,५३५ पर्यंतचे क्रमांक ठरवून दिलेले आहेत. साध्या वेबचा ८०, कुलूपबंद म्हणजे एचटीटीपीएस वेबचा ४४३, मायएसक्यूएल डेटाबेसचा ३३०६. शिकाऊ कामासाठी ३०००, ८००० किंवा ८०८० वापरायची रीत आहे. एका पोर्टवर एका वेळी एकच सर्व्हर ऐकू शकतो. नवशिक्याचा सर्व्हर सुरूच होत नाही त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं: तो पोर्ट दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमने आधीच धरलेला असतो. हे माहीत नसलेला माणूस सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल करत बसतो. माहीत असलेला पोर्टचा आकडा बदलतो आणि पुढे जातो.

प्रत्यक्ष करून पाहायचं तर सर्वांत कमी खटपटीचा मार्ग पायथनचा आहे. विंडोजवर पायथन बसवताना पहिल्याच खिडकीत तळाशी ‘पाथ’मध्ये जोडण्याची एक छोटी चौकट असते, तिच्यावर खूण केली नाही तर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, पायथनला ओळखत नाही. दुसरी अडचण फाइलच्या नावाची. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवून ठेवतं, त्यामुळे ‘इंडेक्स.एचटीएमएल’ म्हणून जतन केलेली फाइल खरोखर ‘इंडेक्स.एचटीएमएल.टीएक्सटी’ असू शकते. फाइल एक्सप्लोररमध्ये पूर्ण नावं दाखवण्याची सोय आहे, ती आधी चालू करावी. एवढं झालं की आपल्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून पायथनच्या अंगच्या सर्व्हरला एका ओळीची आज्ञा द्यायची, आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन (:), ८००० असा पत्ता टाकायचा. पान मघासारखंच दिसतं. बदल दिसतो तो टर्मिनलमध्ये. तिथे एक ओळ उमटते: वेळ, मागितलेला पत्ता आणि शेवटी २००, म्हणजे ‘मागितलं ते मिळालं’. तिच्याखाली बहुतेक वेळा दुसरी एक ओळ येते आणि तिच्या शेवटी ४०४ असतं, म्हणजे ‘असं काही इथे नाही’. ब्राउझरने ‘फॅव्हआयकॉन’ नावाची फाइल मागितलेली असते. टॅबवर पानाच्या नावाशेजारी जे बारीक चित्र दिसतं, ते हे. १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररने ही पद्धत पाडली आणि आजही ब्राउझर आपण न सांगता ते चित्र मागून पाहतो. मग पान ताजं करावं. आता २०० च्या जागी ३०४ येऊ शकतं. त्याचा अर्थ ‘तुझ्याकडे आहे त्यात काही बदललेलं नाही, तेच वापर’. तीन आकड्यांत शिकणाऱ्याला तीन गोष्टी कळतात: पान मागावं लागतं, एका पानासाठी अनेक मागण्या होतात आणि ब्राउझर जुनं साठवून ठेवतो. ‘मी बदल केला पण दिसत नाही’ या नवशिक्यांच्या नेहमीच्या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा या साठवणुकीत असतं. कुठल्याही तयार होस्टिंगवर पान चढवलं असतं तर या ओळी कुठल्या तरी दूरच्या यंत्रावर उमटल्या असत्या आणि शिकणाऱ्याच्या नजरेला कधी पडल्याच नसत्या.

दोनदा क्लिक करून पान उघडतंच आहे, मग हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. साध्या मजकुराच्या पानापुरतं ते खरं आहे. पण आजचं जावास्क्रिप्ट जिथे वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये लिहिलेलं असतं, तिथे क्रोम किंवा फायरफॉक्स ‘फाइल’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून ती मॉड्यूल उचलायला नकार देतात. कारण सुरक्षेचं आहे. डिस्कवर उघडलेल्या कुठल्याही फाइलला शेजारच्या फाइली वाचू दिल्या तर ईमेलमधून आलेलं एखादं पान तुमची खासगी कागदपत्रं वाचून बाहेर पाठवू शकेल. उलट लोकलहोस्टवर ब्राउझर विश्वास ठेवतो. वापरणारा कुठे आहे हे विचारणं, कॅमेरा उघडणं अशा सोयी खुल्या वेबवर एचटीटीपीएस असल्याशिवाय मिळत नाहीत, लोकलहोस्टवर मात्र मिळतात. पीएचपीचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. पीएचपीची फाइल तशीच उघडली तर ब्राउझर तिच्यातला कोड मजकुरासारखा दाखवतो किंवा फाइल उतरवून घेतो. तीच फाइल सर्व्हरमार्फत मागितली आणि ब्राउझरमध्ये पानाचा मूळ स्रोत पाहिला तर पीएचपीची एकही ओळ सापडत नाही. तिने तयार केलेलं एचटीएमएल तेवढं दिसतं. कोणता कोड सर्व्हरवर चालतो आणि कोणता वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, हा वेबमधला सर्वांत मोठा गोंधळ आहे. तो व्याख्यानाने सुटत नाही, असं दोन खिडक्या शेजारी ठेवून पाहिल्यावर सुटतो.

पीएचपीपर्यंत आलं की झॅम्पचं नाव निघतंच. अपाची फ्रेंड्स या जर्मनीतल्या मंडळींनी २००२ मध्ये सुरू केलेल्या या संचात अपाची हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस आणि पीएचपी व पर्ल या भाषा एकत्र बसवून मिळतात. अपाची, पीएचपी आणि मारियाडीबीचा पूर्वज मायएसक्यूएल, या तिन्ही गोष्टी १९९५ या एकाच वर्षातल्या, आणि जावास्क्रिप्टही त्याच वर्षी आली. २००३ मध्ये आलेलं वर्डप्रेस याच पायावर उभं आहे. त्याच वर्षी १ मे रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो तेही पीएचपीतच लिहिलेलं आहे आणि घरच्या संगणकावर बसवून पाहता येतं. झॅम्पबद्दल जाणकारांचा आक्षेप असतो की तो सगळं एका बटणामागे लपवतो. विद्यार्थ्याला ‘स्टार्ट’ दाबता येतं, पण काय सुरू झालं ते कळत नाही. आक्षेप योग्य आहे, पण माझ्या मते दोष झॅम्पचा कमी आणि क्रमाचा जास्त आहे. आधी पायथनचा उघडा सर्व्हर चालवून पाहिला असेल, तर झॅम्पच्या पटलावर अपाचीसमोर ८० आणि ४४३ हे आकडे दिसताच ते ओळखीचे वाटतात. पानं ‘एचटीडॉक्स’ याच फोल्डरमध्ये का ठेवायची, हेही लगेच उमगतं: सर्व्हर त्याच फोल्डरमधून देतो. मग डेटाबेसची पाळी. एक छोटा तक्ता, त्यात दहा नावं आणि ती पानावर आणणारा पीएचपीचा एक तुकडा, एवढं पहिल्यांदा पुरे. हे समजेपर्यंत वर्डप्रेसला हात लावू नये.

मराठीत लिहिणाऱ्यासाठी या टप्प्यावर एक वेगळीच शाळा सुरू होते, आणि इंग्रजी पुस्तकांत तिला जेमतेम अर्धं पान मिळतं. ‘मराठी’ हा शब्द पीएचपीला मोजायला सांगावा. साधं मोजमाप १५ असं उत्तर देतं. अनेक लिप्या जाणणारं मोजमाप ५ म्हणतं. आपण तर ‘म’, ‘रा’, ‘ठी’ अशी तीनच अक्षरं मोजतो. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. ‘म’, ‘र’, काना, ‘ठ’ आणि दीर्घ वेलांटी ही युनिकोडची पाच चिन्हं झाली आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. बातमीचा मथळा पन्नास बाइटांवर कापणारा कोड इंग्रजीत बिनबोभाट चालतो आणि मराठीत एखादं अक्षर मधोमध चिरतो. पानाच्या डोक्यावर ‘मेटा’ खुणेत यूटीएफ-८ लिहायचं राहिलं तर ब्राउझर अंदाज बांधतो. तो चुकला की प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्यामागे काहीबाही चिन्हं येतात. डेटाबेसची कहाणी याहून लांबची. मायएसक्यूएल ही स्वीडनमधल्या कंपनीची निर्मिती. त्यामुळे कितीतरी वर्षं तिची मूळ मांडणी पश्चिम युरोपीय लिपीची आणि वर्णक्रम स्वीडिश भाषेचा होता. त्यात देवनागरी घातली की मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळायची. तिच्यातलं ‘यूटीएफ-८’ नावाचं जुनं रूपही तीन बाइटांपुरतंच होतं. मराठी त्यात मावायची, पण मजकुरात चार बाइटांचा एखादा इमोजी आला की मांडणीनुसार नोंद नाकारली जायची किंवा तिथून पुढचं वाक्य तुटायचं. चार बाइटांचं रूप हीच मूळ मांडणी झाली ती २०१८ च्या ८.० या आवृत्तीत. जुन्या यंत्रावर काम करणाऱ्याला ही निवड आजही स्वतः करावी लागते. आणखी एक बारीक गोष्ट. एचटीएमएलमध्ये पानाची भाषा ‘एमआर’ म्हणजे मराठी अशी नोंदवली, तर ज्या फॉन्टमध्ये ती सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या वळणाचे उमटतात. भाषा हिंदी नोंदवली तर हिंदी वळणाचे. एकच फाइल, एकच फॉन्ट, दोन अक्षरं बदलली आणि पानाचा चेहरा बदलला. असे प्रयोग शंभरदा करायला आपली यंत्रणा आपल्या हाताखाली असावी लागते.

सर्वांत वजनदार आक्षेप आता येतो. ब्राउझरमध्येच कोड लिहून तिथेच चालवून दाखवणाऱ्या कितीतरी सेवा आज आहेत. २०२१ पासून तर सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोडही ब्राउझरच्या टॅबमध्ये चालवणं शक्य झालं आहे. मग कशाला काही बसवायचं? या सेवा चांगल्या आहेत. भाषेची तोंडओळख करून घ्यायला, एखादी कल्पना मित्राला दाखवायला त्यांच्यासारखं साधन नाही. पण ज्या गोष्टी त्या आपल्यासाठी करून टाकतात, म्हणजे सर्व्हर चालू करणं, पोर्ट निवडणं, फाइली कुठे आहेत ते ठरवणं, नेमक्या त्याच शिकायच्या आहेत. शिवाय दुसऱ्याच्या जागेत मांडलेलं काम त्याच्या मर्जीवर टिकतं. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजवर हौशी लोकांनी लाखो पानं बांधली आणि याहूने ती २००९ मध्ये बंद केली. हेरोकू या सेवेवर विद्यार्थ्यांच्या पिढ्या आपले पहिले प्रकल्प फुकट चालवत. ती फुकट सोय नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली. नवशिक्यांची आवडती ग्लिच ही सेवा २०२५ च्या जुलैत प्रकल्प चालवायची थांबली. या कंपन्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांचा हिशेब त्यांना पाहावा लागतो. ज्याचं काम स्वतःच्या डिस्कवर होतं आणि ज्याला ते तिथे चालवता येत होतं, त्याला फक्त नवी जागा शोधावी लागली. ज्याच्याकडे प्रतही नव्हती आणि चालवण्याची रीतही ठाऊक नव्हती, त्याचं सगळंच गेलं.

घरच्या यंत्रणेचा दुसरा फायदा बिनधास्त मोडता येणं हा आहे. तालमीत चुकलेलं वाक्य प्रेक्षकांच्या कानी पडत नाही, तसंच हे. थेट चालू साइटवर शिकणारा माणूस भीत भीत शिकतो, आणि ती भीती अनाठायी नसते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीच्या एका अनुभवी अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. तो दुय्यम यंत्रावर काम करतोय असं समजत होता आणि होता मुख्य यंत्रावर. ३०० जीबींच्या आसपासचा डेटा काही क्षणांत साडेचार जीबींवर आला. सुरक्षित प्रती काढण्याच्या बहुतेक व्यवस्था चालतच नव्हत्या हे तेव्हा उघड झालं आणि सुमारे सहा तासांतल्या नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने हे सगळं स्वतःच प्रामाणिकपणे जाहीर केलं, म्हणून जगाला त्यातून शिकता आलं. जिथे जाणत्यांची ही गत, तिथे नवशिक्याने चालू साइटवर हात साफ करू नये हे सांगायला नको. पण घरच्या संगणकावर त्याने डेटाबेस मुद्दाम पुसावा, सर्व्हर मध्येच बंद करून ब्राउझर काय म्हणतो ते पाहावं, कोडमधला एक कंस काढून चूक दाखवणारा संदेश वाचावा. सोबत गिट शिकावं. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेली ही प्रणाली प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवते, त्यामुळे मोडलेलं काम कालच्या स्थितीला आणता येतं. तीही आपल्याच संगणकावर, इंटरनेटशिवाय चालते.

‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ हे वाक्य प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत ऐकू येतं आणि स्थानिक यंत्रणेविरुद्धचा युक्तिवाद म्हणूनही ते पुढे केलं जातं. घरी चालणारं काम होस्टिंगवर चढवलं की मोडतं, मग घरच्या तालमीचा उपयोग काय? फरक असतो, हे मान्यच करायला हवं. विंडोजला फाइलच्या नावातलं रोमन अक्षर मोठं की लहान याचं काही वाटत नाही. लिनक्सला वाटतं आणि बहुतेक होस्टिंग लिनक्सवर असतं. घरी दिसणारा फोटो तिथे दिसत नाही तेव्हा कोडमधलं नाव लहान अक्षराने आणि फाइलचं मोठ्या अक्षराने सुरू होत असतं. पीएचपीच्या आवृत्त्या वेगळ्या असतात, डेटाबेसची मांडणी वेगळी असते. यावर २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने चांगला उपाय दिला: सर्व्हर, भाषा, डेटाबेस यांच्या नेमक्या आवृत्त्या एका फाइलीत लिहून ठेवायच्या आणि घरी नि होस्टिंगवर तीच बांधणी चालवायची. पण डॉकर पहिल्या महिन्यात शिकवणं मला पटत नाही. जो गुंता सोडवण्यासाठी ते साधन जन्माला आलं तो गुंता एकदा स्वतः अनुभवलेला असावा. नाहीतर विद्यार्थी आणखी एक मंत्र पाठ करतो. आणि फाइलच्या नावातल्या त्या एका अक्षरामुळे दोन तास डोकं खाजवलेला विद्यार्थी होस्टिंगच्या सर्व्हरवर दुसरीच कार्यप्रणाली असते हे जितकं पक्कं शिकतो, तितकं कुठल्याही प्रकरणातून शिकत नाही. सगळी नावं पहिल्यापासून लहान रोमन अक्षरांत आणि मोकळ्या जागा न सोडता ठेवली तर हा त्रास मुळातच पुष्कळ कमी होतो.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच टाळायची आहे. साधं पान बनवायला शिकणाऱ्याला आज पहिल्याच दिवशी नोड, त्याचं पॅकेज भांडार एनपीएम, बांधणीची अवजारं आणि कुठली तरी मोठी चौकट (फ्रेमवर्क) एकदम बसवायला सांगितली जाते. फोल्डरमध्ये हजारो फाइली येतात आणि त्यातली एकही त्याने लिहिलेली नसते. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्टपॅड’ नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं, तर जगभरच्या असंख्य प्रकल्पांची बांधणी काही काळ ठप्प झाली. आपण कुणाकुणावर विसंबून आहोत हे मोठमोठ्या संघांनाही माहीत नव्हतं. नवशिक्याची यंत्रणा इतकी लहान असावी की तिच्यातला प्रत्येक भाग त्याला बोट ठेवून सांगता येईल: हा संपादक, हा सर्व्हर, हा डेटाबेस, हा ब्राउझर. कोड लिहून देणारे एआय सहायक आल्यावर याची गरज वाढली आहे. त्यांच्याकडून पाच मिनिटांत शंभर ओळी मिळतात, पण त्या चालल्या नाहीत तर दोष पोर्टचा आहे, पत्त्याचा आहे की कोडचा, हे निदान यंत्रासमोर बसलेल्या माणसालाच करावं लागतं. किमान सहायकाला नेमकं काय विचारायचं ते तरी कळावं लागतं.

राहिला तो साधनांचा प्रश्न, आणि महाराष्ट्रात तो खरा आहे. अनेक मुलामुलींच्या हाती फोन असतो, लॅपटॉप नसतो. अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं ॲप वापरून पायथन, पीएचपी आणि नोड तिन्ही चालवता येतात. लहान पडद्यावर टाइप करणं जिकिरीचं आहे, तरी फोनचा सर्व्हर करून फोनवरच्याच ब्राउझरमधून त्याला मागणी करता येते, आणि १२७.०.०.१ चा अर्थ तिथेही तोच असतो. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना तर याहून सोपं आहे. पायथनचा तो एका ओळीचा सर्व्हर सहसा फक्त स्वतःच्या यंत्राचं ऐकत नाही, त्याच वायफायवरच्या सगळ्यांचं ऐकतो. विंडोजची फायरवॉल पहिल्या वेळी परवानगी विचारते ती म्हणूनच. शिक्षकांच्या संगणकाचा त्या जाळ्यातला पत्ता, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, मुलांनी आपल्या फोनमध्ये टाकला की प्रत्येक फोनची मागणी शिक्षकांच्या टर्मिनलमध्ये वेगळ्या पत्त्यासह उमटते. बाहेरचं इंटरनेट नसलेल्या तालुक्याच्या शाळेतही पन्नास मुलांना खराखुरा सर्व्हर, खरेखुरे वाचक आणि स्वतःचं पान स्वस्त फोनच्या पडद्यावर कसं दिसतं हे एकाच तासात दाखवता येतं. काळजी एवढीच घ्यायची की हा सर्व्हर सरावापुरता आहे आणि तो ज्या फोल्डरमध्ये चालू केला त्यातलं सगळं जाळ्यावरच्या सगळ्यांना दिसतं. म्हणून त्यासाठी वेगळा फोल्डर करावा, खासगी फाइली तिथे ठेवू नयेत आणि स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायवर त्याला फक्त १२७.०.०.१ वर ऐकायला सांगावं. त्यासाठी त्याच आज्ञेला आणखी दोन शब्द जोडावे लागतात.